सड्यावरची हजेरी

समोरच्या अंगणात रोज सकाळी चार चटया उन्हात घातलेल्या असत, आणि त्या घरात राहणारा माणूस मात्र एकच होता. लग्न होऊन रत्नागिरीतल्या आमच्या आळीत आले तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत भरले ते हेच. वस्तू मोजून, ओळीने लावून, त्यांची यादी करून ठेवायची सवय मला माहेरापासूनची. हिशेब जुळेना म्हणून सासूबाईंना विचारले, समोर माणसे किती? त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "एक. आणि त्यांना विचारायला जाऊ नकोस."

ते अनंतमास्तर. शाळेत ड्रिल शिकवत. महायुद्ध संपता संपता तापाची जी साथ आली, तिने त्यांची बायको आणि दोन्ही मुलगे पाठोपाठ नेले. मास्तर त्या तिघांच्या उशाशी बसून होते, त्यांच्याच भांड्यातले पाणी पीत होते, आणि त्यांना साधी शिंकसुद्धा आली नाही. सगळे आटोपल्यावर त्यांनी घराच्या दारांची फळकुटे बिजागऱ्यांवरून उतरवली आणि माळ्यावर टाकून दिली. तेव्हापासून ते घर आळीकडे तोंड उघडे टाकून बसलेले असे. तिघांच्या चटया ते आपल्या चटईबरोबर रोज उन्हात घालत, दुपारी उलटत आणि सूर्य कलला की आत नेऊन जागच्या जागी पसरत.

माझी त्यांची ओळख आठवड्याभरातच झाली. मी दारात सडा घालत होते. मास्तर मांडवीच्या किनाऱ्यावरून चालून परत येत होते; धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले, पायांना वाळू. फाटकापाशी थांबून ते म्हणाले, "वहिनी, जीभ दाखवा." मी इतकी गडबडले की खरोखरच दाखवली. त्यांनी नीट पाहिले, म्हणाले, "ताक प्या. दुपारचं झोपू नका," आणि निघून गेले. हे कचेरीतून आल्यावर मी सांगितले, तर हसून म्हणाले की अगं, तो त्यांचा नमस्कार आहे. मामलेदारांनाही ते असेच भेटतात.

मास्तरांचे नियम साधे होते. पहाटे उठावे, चालावे, पाणी उकळून प्यावे, जेवणाआधी हात राखेने घासावेत, नखे वाढवू नयेत, सकाळी पेज आणि कुळथाची पिठी खावी, शिळ्याच्या वाटेला जाऊ नये, बारा महिने उघड्या पडवीत झोपावे. या सगळ्यामागे त्यांची एक समजूत होती आणि ती ते भेटेल त्याला सांगत. "आपल्या अंगात पहारेकरी आहेत. ते दिसत नाहीत, पण फिरत असतात. तुम्ही जागरण केलंत की ते पेंगतात. शिळं खाल्लंत की ते आजारी पडतात. आणि तुम्ही भ्यालात की काठ्या टाकून पळतात." प्लेगची लस टोचायला माणसे आली तेव्हा आळीतला एकही पुरुष पुढे होईना. मास्तरांनी देवळासमोर अंगरखा काढून दंड पुढे केला आणि लोकांना सांगितले की ही लस म्हणजे पहारेकऱ्यांना चोराचा चेहरा आधीच दाखवून ठेवणे. मी आणि हे टोचून आलो. सासूबाई आल्या नाहीत. त्यांचे म्हणणे, अंगात कोण कोण फिरते ते या माणसाने सांगितल्यापासून मला धड झोप लागत नाही, आता आणखी कुणाची ओळख नको.

लोक मास्तरांचा सल्ला घेत, पण त्यांच्या घरी पाणी पीत नसत. इतका ठणठणीत माणूस त्यांना खुपत असे. साठीकडे झुकलेला, घरात एकटा, एक दात पडलेला नाही, कधी खोकला नाही. बायकांत हळू आवाजात एक बोलणे चाले की त्या तिघांचे उरलेले आयुष्य याच्या अंगात शिरले आहे. मी असल्या गोष्टींना थारा देणारी नव्हे. तरीही दिवेलागणीला समोर त्या पसरलेल्या चटयांमधून मास्तर वाट काढत चालताना दिसले, कुणाच्या तरी पायांवर पाय पडू नये अशा बेताने, की मी आमची खिडकी लावून घेत असे.

मग ते थंडीचे दिवस आले. आमच्या आळीच्या टोकाला प्लेगचा उंदीर मरून पडला, दुसऱ्या दिवशी आणखी दोन घरांत पडले, आणि शहर सोडून वरच्या कातळाच्या माळावर, सड्यावर, राहायला जायचे ठरले. मी याद्या केल्या: पहिल्या खेपेला काय, दुसऱ्या खेपेला काय, घरीच काय ठेवायचे. मास्तरांना त्या वाचायला दिल्या. त्यांनी अगदी शिक्षकासारख्या तपासल्या आणि म्हणाले, "सगळं आहे. ऊन लिहायचं राहिलं." सड्यावर पोचलो तेव्हा कळले, की ते दोन दिवस आधीच वर येऊन काठीने जागा आखून गेले होते. प्रत्येक झोपडीचे तोंड पूर्वेला, दोन झोपड्यांत बैलगाडी फिरेल इतके अंतर, उकळलेल्या पाण्याची चूल एकीकडे, धान्य उंच मचाणावर. सगळीकडे काळा कातळ, त्यावर वाळलेले गवत, आणि माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारलेल्या आमच्या झोपड्या. खाली शहर तसेच उभे दिसे. कौले, माड, रस्ते सगळे जागच्या जागी, फक्त कुठूनही धूर निघत नसे.

मास्तरांची हजेरी तिथे सुरू झाली. पहाटे सड्यावर धुके इतके दाट असे की शेजारची झोपडी दिसत नसे. मास्तर एका उंच कातळावर उभे राहत आणि प्रत्येक माणसाचे नाव घेऊन हाक मारत. ज्याचे नाव त्याने ओ द्यायची. ओ आली नाही तर मास्तर त्या झोपडीत जाऊन ताप पाहत, काखेत-जांघेत गाठ आहे का विचारत, आणि माणूस आजारी असला तर डॉक्टरांना वर्दी देत. कागद त्यांच्या हातात नसे. सगळी नावे त्यांना पाठ होती.

पण आमच्याकडे पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. न दिसणाऱ्या माणसाची हाक आली तर थांबायचे; भूतपिशाच्च एकदाच हाक मारते, माणूस पुन्हा मारतो, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. मास्तरांनी एकदोन दिवस चिडून पाहिले आणि मग सोडून दिले. प्रत्येक नाव ते तीनदा घेऊ लागले. दोन हाका नुसत्या धुक्यात विरून जात, आणि तिसरीनंतर कुठून तरी ओ येई. मी चुलीशी बसून ऐकत असे. चेहरे नाहीत, माणसे नाहीत, नुसती नावे आणि नुसते आवाज. एखाद्या घरातले कोणी गेले की त्या नावाच्या जागी मास्तर क्षणभर थांबत आणि पुढचे नाव घेत. त्या थांबण्याची मला फार भीती वाटे.

हळूहळू लोकांनी त्या हजेरीचे भलतेच काही करून टाकले. ज्याचे नाव मास्तरांनी घेतले आणि ज्याने ओ दिली, त्याला तो दिवस धोका नाही, असे पसरले. आया तान्ह्या मुलांची नावे घ्यायला लावू लागल्या. मास्तर वैतागून सांगत की बायांनो, वाचवते ते उकळलेले पाणी, वाचवते ते ऊन, माझी हाक नव्हे. कुणी ऐकले नाही. पाणी उकळायचे लोक विसरत, पण हजेरी चुकवीत नसत.

आमच्या आळीत भाजी विकणारी भागीआजी सड्यावर आमच्या पलीकडच्या झोपडीत होती. बरोबर सून शेवंती आणि शेवंतीची मुलगी ठकू, अजून बोबडे बोलणारी. मुलगा पांडू मुंबईला गिरणीत. एके दिवशी भागीआजी मास्तरांपुढे येऊन बसली. मुंबईतही साथ आहे असे तिच्या कानावर आले होते.

"मास्तरानु, माज्या पांडूचा पन नाव घ्या."

मास्तर म्हणाले, "अगं, तो मुंबईला. ओ कोण देणार?"

"मी देतंय. आयशीनं दिली काय नि लेकानं दिली काय."

 दिवसभर माणसांना शिस्त लावणारे मास्तर, त्या म्हातारीला नाही म्हणू शकले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पांडुरंगाचे नाव हजेरीत आले, आणि तिसऱ्या हाकेनंतर भागीआजी आवाज जाड करून, पुरुषासारखी ओ देऊ लागली. मुले हसत. आठवड्याभरात मुंबईतल्या आणखी मुलांची, नवऱ्यांची नावे आली, आणि धुक्यातून परगावच्या माणसांच्या ओ येऊ लागल्या. मला ते आवडले नाही. मी मास्तरांना सांगितले की हजेरीत नसलेली माणसे भरली तर हजेरीचा उपयोग काय? ते म्हणाले, "खरं आहे तुमचं, वहिनी. बंद करतो." पण रोज उद्यावर ढकलत राहिले.

आणि मग ती सकाळ आली. धुके नेहमीसारखेच. मास्तरांनी आमची नावे घेतली, आम्ही तिसऱ्या हाकेला ओ दिली. मग त्यांनी हाक मारली, "शेवंती."

पहिल्याच हाकेला ओ आली.

बारीक आवाज, शेवंतीचाच हेल, शेवटी किंचित ओढलेला. साऱ्या सड्यावर भांड्यांचा आवाज थांबला. आमच्या सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. पहिल्या हाकेला जिवंत माणूस ओ देत नाही, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होते. मास्तरांनी पुढचे नाव घेतले नाही. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा हाक मारली, "शेवंती," आणि पुन्हा लगेच, हाक पुरी होण्याच्या आत, ओ आली.

कातळावरून उतरणाऱ्या त्यांच्या पावलांचा आवाज आला. मी पदर खोचून बाहेर पडले. सासूबाईंनी धरले तरी गेले. मास्तर भागीआजीच्या झोपडीच्या तोंडाशी उभे होते. आत शेवंती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला जाऊन बरेच तास झाले असावेत. तिच्या पायाशी भागीआजी तापाने बेशुद्ध. दोघींच्या मध्ये ठकू गुडघे जवळ घेऊन बसली होती.

मास्तर दारातच उकिडवे बसले. अगदी साध्या आवाजात विचारले, "ठकू, ओ कुणी दिली?"

"मी."

"का गं?"

"आयशीचा नाव आला की ओ द्यायची, आजी म्हनली. नायतर आयशीला नेतील. आजी उठत नाय, म्हनून मी दिली."

भागीआजीने सुनेचे दुखणे लपवले होते. प्लेगच्या रोग्यांसाठी घातलेल्या दवाखान्याच्या छपरीत नेलेली माणसे परत येत नाहीत अशी तिची खात्री. आधीच्या सकाळी शेवंतीची ओ तिनेच दिली असणार, मुलाची देत होती तशीच, फक्त आवाज बदलून. तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचे, तेवढे मात्र नातीला सांगायचे राहून गेले.

मास्तर माझ्याकडे वळले. चेहरा राखेसारखा झाला होता. "पांडूची ओ मी चालू दिली, वहिनी. तिथंच मी हिला मारलं." मग उठले, ठकूला उचलले आणि बाहेर आणले.

डॉक्टर आले. भागीआजीला डोलीतून छपरीत नेले. दोन दिवसांनी ती तिथेच वारली. प्रश्न ठकूचा होता. त्या दोघींच्या मध्ये झोपलेले पोर. पुढच्या काही दिवसांत ताप आला तर आला, नाही तर वाचली. लोकांना ती सड्यावर नको होती, आणि प्लेगची भीती हे त्याचे निम्मेच कारण होते. मेलेली बाई पोरीच्या तोंडातून बोलली, हे एव्हाना शेवटच्या झोपडीपर्यंत पोचले होते. तिलाही छपरीत धाडा, असे चारपाच पुरुष येऊन सांगून गेले. आजाऱ्यांमध्ये ठेवली तर न लागलेले लागेल, असे मास्तर म्हणाले. त्यांनी सड्याच्या कडेला, सगळ्यांपासून दूर, नुसते छप्पर उभारले, भिंती नाहीत. ठकूचे कपडे जाळले, तिला निंबाच्या पाण्याने आंघोळ घातली आणि तिच्यासह तिथे राहायला गेले. मी पेज, मऊ भात, उकळलेले पाणी एका कातळावर ठेवून मागे होई. मग ते येऊन घेऊन जात.

दुसऱ्या पहाटे मास्तर पुन्हा हजेरीच्या जागी येऊन उभे राहिले. त्यांनी ह्यांचे नाव घेतले. हे ओ देणार तेवढ्यात सासूबाईंनी त्यांच्या तोंडावर हात दाबला. तिसरी हाक झाली. मास्तरांनी पुढचे नाव घेतले, तीनदा. मग पुढचे. एकाही झोपडीतून ओ आली नाही. ज्याच्या हाकेला मेलेली ओ देतात, त्याला जिवंत माणसाने ओ द्यायची नाही, असे सगळ्यांनी ठरवून टाकले होते. मास्तर थांबले नाहीत. सगळ्या सड्याची नावे त्यांनी त्या शांततेत घेतली, आवाज न चढवता, न घाई करता. शेवटचे नाव झाले तेव्हा मला वाटले, आता उतरतील.

त्यांनी आणखी एक नाव घेतले. "पार्वती." सासूबाईंचा हात गळून पडला. त्या माझ्या कानात म्हणाल्या, "अगो, ही त्यांची बायको."

"पार्वती," मास्तरांनी दुसऱ्यांदा हाक मारली आणि थांबले. मग तिसऱ्यांदा. मग थोरल्या मुलाचे नाव, तीनदा. मग धाकट्याचे. प्रत्येक हाकेनंतर ते वाट पाहत होते, आणि खोटे कशाला सांगू, त्यांच्याबरोबर सबंध सडा वाट पाहत होता. धुके अंगाला लागत होते. मी ओठ दाताखाली धरले होते. कुठून तरी ओ आली असती तर मला नवल वाटले नसते, याचीच मला जास्त भीती वाटत होती.

काही आले नाही. खालून समुद्राची गाज तेवढी येत होती.

"ऐकलंत?" मास्तर म्हणाले. आवाज फुटला नाही, पण प्रत्येक झोपडीत पोचला. "मेलेली माणसं ओ देत नाहीत. मी पुष्कळ दिवस ऐकून पाहिलं आहे. काल ओ दिली ती एका जिवंत पोरीनं. आणि ती आपल्याला हवी आहे."

 ऊन वर आल्यावर एकेक माणूस बाहेर आला. मास्तरांनी लांबूनच सांगितले की यापुढे हाक बंद. आवाजावर कुणाला जिवंत धरायचे नाही. रोज सकाळी प्रत्येकाने आपापल्या झोपडीबाहेर उन्हात उभे राहायचे, चेहरा दाखवायचा. नसलेल्याच्या जागी दुसऱ्याने उभे राहायचे नाही. मास्तरांना जवळ यायचे नव्हते, म्हणून बघत फिरायचे काम माझ्याकडे आले. शिंपल्याचा चुना घेऊन मी दाराशी खूण करीत जात असे. त्यानंतर आमच्या सड्यावर दोघे आजारी पडले, पण दोघेही वेळेवर कळले, आणि त्यांतला एक वाचला.

ठकूला ताप आला नाही. तिला न आल्यामुळे असेल किंवा टोचून घेतल्यामुळे असेल, मास्तरांनाही आला नाही. पहिले काही दिवस ती कुणीही काहीही हाक मारली की ओ द्यायची; कावळा ओरडला तरी द्यायची. मास्तरांनी तिची ती सवय मोडली. दोघे त्या कातळावर खेळत असत. मास्तर लांब जाऊन हाक मारत, आणि तिने तोंड न उघडता चालत येऊन त्यांच्यासमोर उभे राहायचे. मी पेज ठेवायला जाई तेव्हा पाही, किती तरी वेळ तोच खेळ चाले. पुढे आम्ही शहरात परतलो, आणखी काही वर्षे समोरासमोर राहिलो, दोन वर्षांपूर्वी मास्तर त्यांच्या पडवीत झोपेतच गेले. पण त्यांची आठवण निघाली की मला ते तिथेच दिसतात, लांब त्या छपराशी, हाक मारून गप्प उभे राहिलेले.

आम्ही सड्यावर होतो तेव्हाच पांडू तार मिळाल्यावर आगबोटीने आला. त्याला सगळे कळले होते. डॉक्टरांनी ठकूला मोकळी केली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो सडा चढून आला आणि झोपड्यांच्या अलीकडे दगडी गडग्याच्या बुटक्या भिंतीपाशी थांबला. पुढे यायला त्याचे पाय उचलेनात. तिथूनच त्याने हाक मारली, "ठकू."

काही उत्तर आले नाही. मी जवळच्या झोपडीपाशी होते; त्याने माझ्याकडे पाहिले. आई गेली, बायको गेली, आता हेही, असे त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिले होते. त्याने पुन्हा हाक मारली. मी सांगायला तोंड उघडले, तर मास्तरांनी छपराजवळूनच हात वर करून मला थांबवले.

गवत हलले. ठकू छपराकडून चालत येत होती. धावली नाही, ओ दिली नाही. गडग्याच्या अलीकडे, बापाच्या अगदी पुढ्यात येऊन ती थांबली आणि मान वर करून, त्याला आपला चेहरा नीट दिसेल अशी, उन्हात उभी राहिली.